सत्तरची रेघ

नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि तंत्रज्ञाचा आरडाओरडा: ‘फुंका, फुंका, अजून, अजून!’ स्पायरोमेट्री केलेल्या कुणालाही हा प्रसंग आठवेल. यंत्र दोन गोष्टी मोजतं. जोर लावून एकूण किती हवा बाहेर टाकली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती गेली. श्वासनळ्या अरुंद झाल्या असतील तर हवा रेंगाळते आणि या दोहोंचं गुणोत्तर घसरतं.

किती घसरलं म्हणजे आजार? श्वासनळ्या अरुंद करणाऱ्या सीओपीडी या आजारासाठी ‘गोल्ड’च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी रेघ ओढली ०.७० वर. लक्षात ठेवायला सोपी. पण फुप्फुसांचा ताण वयाबरोबर सैलावतो, तसं हे गुणोत्तर निरोगी माणसातही उतरत जातं. त्यामुळे जन्मात विडीला न शिवलेले, जिने सहज चढणारे ऐंशीचे आजोबा ०.६८ ला रुग्ण ठरू शकतात. उलट पंचविशीतला तरुण ०.७२ वर ‘नॉर्मल’चा शिक्का घेऊन घरी जातो. त्याच्या वयाला तो आकडा खरं तर कमीच.

म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, वय, उंची, लिंग पाहा आणि त्या गटातल्या तळाच्या पाच टक्क्यांवर रेघ ओढा. मग शंभर ठणठणीत माणसांतली पाच ठरल्याप्रमाणे नापास होणारच! शिवाय २०१९ मध्ये अमेरिकेतल्या चोवीस हजारांवर प्रौढांची माहिती तपासली, तेव्हा सीओपीडीमुळे कोण रुग्णालयात जाईल, कोण दगावेल हे सांगण्यात जुनी ०.७० ची रेघ मागे पडली नाही.

मला खरा पेच वाटतो तो लिटरच्या आकड्यांचा. तिथे तुलना कुणाशी करायची? आपल्याकडे बरीच वर्षं युरोपीय माणसाच्या अपेक्षित आकड्याला ०.९ ने गुणायची रीत होती. समजा, युरोपीय हिशेबाने एखाद्या बाईला ३ लिटर अपेक्षित आहेत आणि तिने २.३ फुंकले. म्हणजे ७७ टक्के; ‘नॉर्मल’च्या रूढ ८० टक्क्यांच्या रेघेखाली. ०.९ ने गुणलं की अपेक्षा २.७ वर येते आणि तोच श्वास ८५ टक्के होतो. आजार गुणाकारात गेला.

आपली फुप्फुसं लहान भरतात, हे मोजमापांत दिसतं. ते अंगकाठीमुळे, की जन्मतःचं कमी वजन, कुपोषण आणि चुलीच्या धुरामुळे? दुसरं कारण खरं असेल, तर ०.९ ची ती सूट म्हणजे झालेलं नुकसान ‘नॉर्मल’मध्ये जमा करणं. आणि संदर्भासाठी ‘निरोगी’ माणसं निवडताना विडी-सिगारेट न ओढणारी निवडतात. चुलीपुढे तीस वर्षं बसलेली बाईही त्यात बसते.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये अपेक्षित आकडा काढायला वंशनिरपेक्ष समीकरणं वापरायची शिफारस केली. आपल्या रिपोर्टवर कुठलं समीकरण लावलंय, ते बहुधा एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं.