विश्लेषण : धरण फुटलेच नाही, तरी शहर का पळाले?

बल्ब नसलेल्या होल्डरमधून वीज गळते आणि घरभर पसरते, अशी आजीची पक्की समजूत. (सर्किट पूर्ण झाल्याशिवाय वीज वाहत नाही, हे तिला सांगणार कोण?) आजोबांच्या लेखी अमेरिकेतील यादवी युद्ध अजून सुरूच. अमेरिकी विनोदी लेखक जेम्स थर्बर यांच्या ‘माय लाइफ अँड हार्ड टाइम्स’ या १९३३ मधील आठवणींच्या पुस्तकात असे अख्खे कुटुंब भेटते. चित्रेही थर्बर यांचीच.

धरणाचा किस्सा काय?

मार्च १९१३. ओहायो राज्यातील कोलंबस शहरात धरण फुटल्याची हूल उठते आणि पूर्व भागातील लोक जिवाच्या आकांताने पळत सुटतात. शत्रूचे घोडदळ आले असे समजून आजोबा घर सोडायला तयार नसतात. अखेर इस्त्रीच्या फळीचा तडाखा देऊन त्यांना बेशुद्ध करावे लागते, मग उचलून न्यावे लागते. वास्तविक धरण फुटले असते तरी पूर्वेला धोका नव्हता.

मग यातले खरे किती?

थर्बर प्रसंग फुगवून सांगतात, हे उघड आहे. पण पूर खरा होता. सायोटो नदीच्या पाण्याने शहराचा पश्चिम भाग बुडाला आणि नव्वदहून अधिक जणांचा बळी गेला. थर्बर यांनी हसू शोधले ते कोरड्या राहिलेल्या पूर्व भागात, आपल्याच घरच्यांच्या घाबरगुंडीत. पश्चिमेकडच्या मृतांना त्यांनी विनोदात ओढले नाही. पुस्तक आजही खटकत नाही, त्याचे एक कारण हेच असावे.

सूक्ष्मदर्शकातून दिसले काय?

महाविद्यालयाचा किस्सा याहून सरस. वनस्पतिशास्त्राच्या तासाला सगळ्यांना पेशी दिसतात, थर्बर यांना दिसतो पांढरा धूसरपणा. एकदा काही तरी दिसते, ते उत्साहाने चित्र काढतात आणि प्राध्यापक संतापतात. कागदावर पेशी नसतेच, असतो थर्बर यांचाच डोळा!

या प्रसंगात एक गोष्ट मात्र येत नाही. थर्बर सहा वर्षांचे असताना विल्यम टेलचा खेळ खेळताना भावाचा बाण त्यांच्या डाव्या डोळ्यात घुसला आणि तो डोळा गेला. पुढे दुसऱ्याचीही दृष्टी मंदावत गेली. ओहायो स्टेट विद्यापीठातून ते पदवीविनाच बाहेर पडले. ती मिळाली १९९५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी.

कोलंबसमधील ७७, जेफरसन ॲव्हेन्यू येथील त्यांचे घर आता संग्रहालय आहे. पुस्तकातले भूत शिरले, ते याच घरात.