‘जिम क्रो’ आणि सोंगाचे कागद
अमेरिकेंतील वर्णभेदाच्या कायद्यांस पडलेलें ‘जिम क्रो’ हें नांव मूळचें रंगभूमीवरील एका सोंगाचें. इ. स. १८३० च्या सुमारास टॉमस राइस हा गोरा नट तोंडास काळें फासून त्या नांवाच्या कृष्णवर्णीयाची नक्कल करी. १८४३ त न्यूयॉर्क येथें ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या चौघां गोऱ्यांच्या ताफ्यानें असा सबंध जलसाच उभा केला. अशा ताफ्यांच्या छापील गीतांच्या कांहीं मुखपृष्ठांवर तेच नट एकदां गोरे, सभ्य वेषांत व पुन्हां काळें फासलेले, असे दुहेरी काढलेले आढळतात. तेव्हां हे कागद कृष्णवर्णीयांच्या चालीरीतींचा पुरावा म्हणून लावणें गैर होय. गोऱ्या प्रेक्षकांच्या आवडीविषयीं मात्र ते अस्सल साधन आहेत. गुलामगिरींतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसनें १८४८ सालींच ‘नॉर्थ स्टार’ पत्रांत या नटांवर वर्ण चोरून पैसा मिळविल्याचा उघड आरोप केला होता.