दार नसलेले तळे



आमटीत मीठ जास्त पडले तर घरातली बाई तीत वाटीभर पाणी घालते आणि वेळ निभावून नेते. पण पाहुणे उशिरा येणार म्हणून ती आमटी चुलीवरच राहिली, तर घातलेले पाणी वाफेवाटे निघून जाते आणि मीठ होते तेवढेच उरते. त्यातून विहिरीचे पाणी मूळचेच थोडे मचूळ असेल, तर आमटी पहिल्यापेक्षाही खारट होऊन बसते. आज ज्या तळ्याची हकीकत मी सांगणार आहे, त्याचे दुखणे याहून फारसे वेगळे नाही. फरक एवढाच, की हे भांडे कलंडून आतले थोडे सांडून देण्याची सोय तेथे नाही.

हे तळे अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ आहे. नाव ‘सॉल्टन सी’. म्हणायला समुद्र, पण आहे तळेच. आणि तेही समुद्रसपाटीपासून सुमारे सत्तर मीटर खाली गेलेल्या खळग्यात. सभोवार वाळवंट. पाऊस नावाला. उन्हाने वर्षाकाठी पावणेदोन मीटरांहून जास्त उंचीचा पाण्याचा थर उडून जातो. पाणी आत येण्याच्या वाटा आहेत, बाहेर जाण्याची एकही नाही.

तळ्याचा जन्म मोठा मौजेचा आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणून वाळवंटात शेती करावी, म्हणून तेथे एक कंपनी निघाली होती. कालव्याच्या तोंडाशी गाळ साचला, तेव्हा १९०४ साली घाईघाईने नदीचा काठ दुसऱ्या जागी फोडून नवे तोंड काढण्यात आले. त्याला दरवाजे बसवलेले नव्हते. १९०५ साली पूर आला आणि नदीने आपला जुना मार्ग सोडून या नव्या वाटेने खळग्यात उडी घेतली. जवळजवळ दोन वर्षे सारी नदी आत शिरत होती. रेल्वे कंपनीने गाड्याच्या गाड्या दगड ओतून १९०७ च्या फेब्रुवारीत भगदाड बुजवले, तेव्हा कुठे ती पुन्हा समुद्राकडे वळली. खळग्यात पूर्वी एक मिठाचा कारखाना चालत असे, तोही या पाण्याखाली गेला. यात पुढच्या सगळ्या कथेचे बीज आहे. जेथे आधीच मिठाची पुटे बसलेली होती, तेथे हे गोडे पाणी येऊन पडले. पूर्वीही नदी कित्येकदा इकडे वळून तळी झाली होती आणि आटून गेली होती. तसे हेही आटून जायचे. मग ते शंभर वर्षांवर टिकले कसे?

ते टिकले शेतीमुळे. कोलोरॅडोच्या पाण्यात लिटरमागे पाऊण ग्रॅमाच्या आसपास क्षार असतात. ही मात्रा जिभेला कळायची नाही, पण पीक पाणी पिते आणि क्षार मातीतच ठेवते. वर्षानुवर्षे असे चालले की जमीन पांढरी पडते. सांगली-कोल्हापूरकडील कृष्णाकाठचे ऊसवाले शेतकरी या सभेत असतील, तर त्यांना हे मी सांगायला नको. चोपण झालेली, क्षार फुटलेली जमीन त्यांनी पाहिलेली आहे. आणि तिला औषध एकच, की गरजेपेक्षा थोडे जास्त पाणी देऊन क्षार खाली धुवावेत आणि जमिनीखालच्या सच्छिद्र नळांतून ते पाणी बाहेर काढून द्यावे, हेही ते जाणतात. इंपीरियल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी हेच केले. शेते वाचली. पण निचऱ्याचे पाणी जाणार कोठे? उताराने ते तळ्यात गेले. १९२४ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या आदेशाने तळ्याखालची सरकारी जमीन शेतीच्या निचऱ्यासाठी म्हणून राखून ठेवण्यात आली. तेव्हा हे तळे शेतीचे शत्रू नव्हे, तिची मोरी आहे. मोरीतले पाणी गढूळ का, असे आपण विचारीत नाही. पण याच मोरीत पुढे लोक पोहू लागले, नावा वल्हवू लागले. १९५० च्या सुमारास सरकारने कॅलिफोर्नियाच्या आखातातून समुद्राचे मासे आणून तीत सोडले आणि काठाने पर्यटकांच्या वसाहती उठल्या.

आता थोडा हिशेब करू. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असते. सॉल्टनमध्ये २००० सालाच्या सुमारास ते चव्वेचाळीसच्या आसपास होते. निचऱ्याच्या पाण्याबरोबर दरसाल सुमारे चाळीस लाख टन क्षार आत येतात. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु तळ्यात आधीपासून साठलेले मीठ त्या वेळी चाळीस कोटी टनांच्या घरात होते. म्हणजे नवी भर शेकडा एक. नुसत्या या भरीने खारटपणा वाढायचा तो मुंगीच्या पावलाने. त्याला घोड्याची चाल आली ती दुसऱ्या कारणाने. मीठ वाढले म्हणून नव्हे, तर पाणी घटले म्हणून!

२००३ साली कोलोरॅडोच्या पाण्याचा एक मोठा करार झाला. शेतीचे पाणी सान दिएगोसारख्या शहरांना विकावयाचे ठरले. शेतात पाणी कमी, म्हणजे निचरा कमी, म्हणजे तळ्याची आवक कमी. झळ एकदम बसू नये म्हणून २०१७ अखेरपर्यंत तळ्यात मुद्दाम पाणी सोडण्याची अट घातली होती. ती मुदत संपली, आणि आज खारटपणा साठ ग्रॅमांच्या पुढे गेलेला आहे. समुद्राचे आणलेले मासे तर केव्हाच संपले. उजनीच्या काठी ज्याला चिलापी म्हणतात तो महाचिवट मासाही उघड्या तळ्यात फार थोडा उरला. मासे गेले की त्यांवर जगणारे लाखो प्रवासी पक्षीही उपाशी. (सगळेच पाप मिठाच्या माथी मारू नये. १९९६ साली आठ हजारांहून अधिक पांढरे पेलिकन पक्षी मेले ते एका जंतूच्या विषाने, माशांतून आलेल्या.) मागे सरकलेल्या पाण्याने तळ उघडा पडला आहे. त्याची बारीक धूळ वाऱ्याने गावांवर येते. इंपीरियल जिल्ह्यात दम्यासाठी इस्पितळात न्यावे लागणाऱ्या मुलांचे प्रमाण त्या राज्यात फार वरचे आहे. शेतमजुरांची मुले ती. पाणी विकण्याच्या करारावर त्यांची सही नव्हती.

मग उपाय काय? कोणाच्याही मनात पहिला येतो तो असा, की आखात जवळच आहे, समुद्राचे पाणी आणून तळे भरून टाकावे. उपाय दिसतो सोपा. पण समुद्राच्या प्रत्येक घनमीटर पाण्याबरोबर पस्तीस किलो मीठ येणार, निचऱ्याच्या पाण्याबरोबर येते ते दोन-तीन किलो. आज ते पाणी तळ्याला सौम्य वाटेल, पण त्यातले पाणी उडेल आणि मीठ राहील. म्हणजे दुखण्यावर दहापट जालीम दुखणे! ही योजना चालवायचीच तर एक नळ आत आणि दुसरा बाहेर, असे दोन नळ हवेत. २०२२ साली राज्याने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञमंडळाने अशा योजना तपासून त्या नाकारल्या. त्यांचा सल्ला असा, की तळ्याचेच पाणी काढून त्यातले मीठ वेगळे करावे, गोडे पाणी तळ्यात परत सोडावे, आणि शेतकऱ्यांना पैसे देऊन काही जमीन पडीक ठेवावी.

मीठ वेगळे करण्याचे यंत्र आहे, पण मीठ नाहीसे करण्याचे नाही. निघालेले दाट खारे पाणी कोठेतरी वाळवावेच लागते. म्हणजे उरण-वसईकडील मिठागरांसारखी, पण कित्येक पटींनी मोठी वाफ्यांची शेते घालावी लागतील. नुसती दरसालची चाळीस लाख टनांची भर काढायची म्हटली, तरी मालगाडीला साडेतीन हजार टन धरून रोज तीन गाड्या मीठ उचलावे लागेल. तेही खारटपणा आहे तेथे ठेवण्यापुरते. (तळ्याच्या दक्षिणेला जमिनीत खोल असलेल्या उष्ण खाऱ्या पाण्यात लिथियम आहे, आणि वर्तमानपत्रांतून ते तळ्याच्या मिठाशी जोडले जाते. ती खाण वेगळी. तिच्याने तळे गोड व्हायचे नाही.)

तळ्याला दार केले तर काय होते, हे पाहायला मात्र मध्य आशियात, अरल समुद्राकडे जावे लागेल. त्याला मिळणाऱ्या दोन्ही नद्या कापसाच्या शेतीकडे वळवल्या गेल्या. तो आटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेच्या लहान तुकड्यात सीर दर्या नदी येते. ते पाणी दक्षिणेकडे वाहून वाया जाऊ नये म्हणून लोकांनी वाळूचा बांध घातला होता. तो १९९९ साली फुटला. पुढे कझाकस्तान सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने सुमारे तेरा किलोमीटर लांबीचा पक्का बांध घातला, तो २००५ साली पुरा झाला. उत्तरेचे तळे अपेक्षेपेक्षा लवकर भरले. दुपटीच्या आसपास खारटलेले पाणी १९६० च्या जवळ आले, गोड्या पाण्याचे मासे नदीतून परतले, आणि कोळ्यांचे पकडीचे वजन पुन्हा हजारो टनांत मोजले जाऊ लागले. श्रेय सारे बांधाला देतात. माझ्या मते निम्मे श्रेय त्या बांधातल्या दरवाजांना आहे. तळे भरले की जास्तीचे पाणी त्यांतून दक्षिणेला सोडतात, आणि त्याबरोबर मीठ जाते. मीठ धुतले गेले ते असे. पण ते जेथे जाते त्या दक्षिण अरलचे काय झाले? त्याचा पूर्व भाग २०१४ साली पार कोरडा पडला.

सॉल्टनमध्ये आता चालले आहे ते याच जातीचे, फक्त लहान प्रमाणावर. सबंध तळे वाचवण्याची ८९० कोटी डॉलरांची योजना २००७ साली मांडली गेली होती. तिला पैसा मिळालाच नाही. २०२१ पासून दक्षिण काठी, न्यू नदीच्या मुखाशी, बांध घालून सोळाशे हेक्टरांहून मोठ्या क्षेत्रात उथळ तळी करण्यात येत आहेत. नदीचे पाणी आणि तळ्याचे खारे पाणी मापाने मिसळून त्यांत सोडावयाचे, आणि खारटपणा लिटरला वीस ते चाळीस ग्रॅमांच्या दरम्यान राखावयाचा, म्हणजे मासे जगतील, पक्ष्यांना दाणापाणी मिळेल आणि तेवढी जमीन ओली राहिल्याने धूळ उडणार नाही. या तळ्यांचे जास्तीचे पाणी मधल्या मोठ्या तळ्याकडेच जाणार. ते दरसाल अधिक दाट होत जाईल, आणि त्यात बहुधा फक्त सूक्ष्म जंतू व खाऱ्या पाण्यातले किडे उरतील. काठच्या तळ्यांना दार मिळाले ते मधल्याला त्यांची मोरी करून.