चिमुकल्या आगगाडीचा सांधा

आगगाडीच्या प्रतिकृतींच्या छंदात ‘एन’ प्रमाणाची गाडी मूळ गाडीच्या १:१६० असते आणि अवघ्या ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावते. तिच्या जुन्या डब्यांना जर्मनीच्या आर्नोल्ड कंपनीने १९६० च्या दशकात रूढ केलेला ‘रॅपिडो’ कपलर असतो. तो भक्कम, परंतु बोजड; डबे सोडविण्यास बहुधा हातच घालावा लागतो.

अमेरिकेतील खऱ्या रेल्वेत याच कामापायी असंख्य कामगारांनी बोटे गमावली. वाकविलेल्या बोटांप्रमाणे एकमेकांत आपोआप अडकणाऱ्या कपलरचे पेटंट ईलाय जॅनी यांनी १८७३ मध्ये घेतले. १८९३ च्या कायद्याने स्वयंचलित कपलर सक्तीचे झाले आणि डब्यांमधील हात बाहेर आला.

प्रतिकृतीतही हा बदल साधतो. डब्याच्या तळाची खुंटी अलगद उपसून चाकांचा जुना संच काढावा व नव्या कपलरचा बसवावा. उंची मापकाने तपासावी. किंचित फरकानेही डबे सुटतात. पुढे रुळांमधील चुंबक कपलरखालची तार ओढून तो उघडतो.

एका टोकास जुना व दुसऱ्या टोकास नवा कपलर असलेला एक डबा मध्ये जोडला, की वर्षानुवर्षे जमविलेला संग्रह मोडीत काढावा लागत नाही.