रिव्हॉल्व्हरची नळी, फट आणि गोळीचा वेग

बाळकुमच्या श्रोत्यांना आजचा विषय थोडा आडवळणाचा वाटेल. आगरी-कोळ्यांच्या या जुन्या गावात रिव्हॉल्व्हरचे काय काम? परंतु १९५९ साली येथून जवळच, मुंबईत, नानावटी खटला उभा राहिला, तेव्हा घरोघरी एकच वाद चालला होता. नौदलाच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या तीन गोळ्या झटापटीत सुटल्या की जाणूनबुजून झाडल्या गेल्या? अशा प्रश्नाचा निकाल लावताना हत्याराची रचना ठाऊक असावी लागते.

काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर ठोका बसला की दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे रेटतो. गोळी नळीत आहे तोवरच हा रेटा खऱ्या अर्थाने मिळतो. तेव्हा नळी लांब तितका वेग अधिक, असे कोणीही म्हणेल. ते खरे आहे, पण काही मर्यादेपर्यंतच. गोळी पुढे सरकते तशी वायूला पसरण्यास जागा वाढते आणि दाब झपाट्याने उतरतो. जोरदार मॅग्नम काडतूस घेतले, तर दोन इंची नळीऐवजी चार इंची वापरल्याने वेग सेकंदाला शंभराहून अधिक फुटांनी वाढतो. पुढल्या दोन इंचांत वाढ त्याहून कमी. आपल्याकडे परवानाधारकांकडे असते ते .३२ चे काडतूस सौम्य, त्यात हा लाभ आणखी थोडा. चित्रपटातील लांबलचक नळीला भिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

मोजमापाचीही एक गंमत आहे. पिस्तुलाच्या नळीच्या लांबीत काडतुसाची खोबणही धरतात. रिव्हॉल्व्हरची नळी मात्र गोळ्यांच्या फिरत्या चाकाच्या पुढून मोजतात. म्हणून दोन्हींवर ‘चार इंच’ लिहिलेले असले तरी गोळीला मिळणारी वाट सारखी नसते.

आता फट. चाक फिरायचे तर ते आणि नळी यांच्यामध्ये थोडी जागा हवीच. ती साधारण दीड कागदाच्या जाडीइतकी असते. नळाला रबरी पाइप लावताना सांध्यातून पाणी उडते आणि पुढची धार मंदावते, हे आपण रोज पाहतो. येथेही तसेच घडते. गोळी नळीत शिरताच वायूचा काही भाग या फटीतून बाजूला निसटतो. नळी लांब असेल तर गोळी आत अधिक काळ राहते, म्हणून गळतीही अधिक काळ चालते. तरीही नुकसान सामान्यतः थोड्या टक्क्यांचेच. फट अगदीच बुजवावी, तर काजळी आणि उष्णतेने फुगलेली धातू चाक अडवते. म्हणून एकाच कारखान्याच्या, एकाच लांबीच्या दोन रिव्हॉल्व्हरांच्या वेगात फरक पडतो. क्वचित आखूड नळीचे हत्यार लांबड्या जोडीदाराला मागे टाकते.

ही फट झाकण्याचा खटाटोप बेल्जमच्या नागाँत याने केला. १८९५ साली रशियाने स्वीकारलेल्या त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढताच चाक पुढे सरकते आणि काडतुसाचे तोंड नळीत शिरून फट बंद करते. वेगात जे मिळाले ते थोडे. चाप मात्र कमालीचा जड झाला. आमच्या मते हा व्यवहार तोट्याचाच.

फटीचे महत्त्व वेगाहून अधिक पुराव्यात आहे. तेथून उडणारा तप्त वायू, काजळी व शिशाचे कण झाडणाऱ्याच्या हातावर आणि जवळच्या वस्तूंवर बसतात; म्हणून बोटे तेथे कधीही ठेवू नयेत. आखूड नळीतून न जळलेली दारूही अधिक बाहेर पडते, आणि जखमेभोवतीच्या काळेपणावरून अंतर काढायचे असते. म्हणून तज्ज्ञाने तेच हत्यार आणि तशीच काडतुसे घेऊन चाचणी करावी लागते. दुसऱ्या हत्याराच्या तक्त्यावरून अंतर सांगता येत नाही.

नानावटी खटल्यातही अंतराविषयी तज्ज्ञाची साक्ष झाली. शिवाय प्रत्येक गोळीस चाप स्वतंत्र ओढावा लागतो, हेही महत्त्वाचे ठरले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले होते. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली.