नखाएवढ्या जागेत नऊशे ग्रंथी

करंगळीचं नख कपाळावर टेकवा. त्याच्याखाली साधारण एक चौरस सेंटिमीटर कातडी येते, आणि तेवढ्या जागेत ४०० ते ९०० तेलग्रंथी असतात. हातापायांवर हा आकडा शंभराच्याही खाली जातो. तळहात आणि तळपाय यांवर तर एकही तेलग्रंथी नसते. मुरूम तळहातावर कधीच येत नाहीत आणि कपाळ, नाक, हनुवटी मात्र सोडत नाहीत, ते यामुळेच.

आता चेहरा चारशे चौरस सेंटिमीटर धरा आणि ग्रंथींचा कमीत कमी आकडा घ्या. तरी एका चेहऱ्यावर १ लाख ६० हजार ग्रंथी होतात. त्यांतल्या दर दहा हजारांमागे ९,९९९ ग्रंथींचं काम सुरळीत चाललं आणि फक्त एक तुंबली, तरी चेहऱ्यावर १६ मुरूम दिसतील. पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला ‘तोंड नीट धूत नाहीस’ असं सुनावण्याआधी घरातल्या मोठ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

या मुलांना सोबतही मोठी आहे. १२ ते २४ या वयातल्या सुमारे ८५ टक्के लोकांना कमी-अधिक मुरूम येतातच. जगभरातल्या आजारांचा भार मोजणाऱ्या २०१० च्या अभ्यासात ९.४ टक्के लोकसंख्येला मुरुमांचा त्रास असल्याचं दिसलं, म्हणजे सुमारे ६५ कोटी माणसं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. तिच्या जवळपास सहापट!

एकच ग्रंथी जवळून पाहू. तिच्यातल्या पेशी तेल बनवून बाहेर सोडत नाहीत, त्या स्वतःच तेल होऊन जातात. पेशी जन्मते, तेलाने भरत जाते, फुगते आणि सुमारे दोन आठवड्यांत फुटते. फुटलेली अख्खी पेशी म्हणजेच आपल्या चेहऱ्यावरचं तेल. कपाळावरच्या दहा चौरस सेंटिमीटर जागेत तीन तासांत साधारण १ मिलिग्रॅम तेल येतं. हाच वेग सगळ्या चेहऱ्याला लावला तर दिवसाला ३२० मिलिग्रॅम आणि वर्षाला शंभर ग्रॅमच्या वर. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात, ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल वाढतं. मुलींमध्ये पाळीच्या आधी मुरूम उसळतात, त्यामागेही हार्मोन्सचे चढउतारच असतात.

हे तेल बाहेर पडतं ते केसाच्या नळीतून. नळीच्या आतल्या अस्तरातल्या मेलेल्या पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटल्या, की तेलात कालवल्या जाऊन त्यांचा बूच बसतो. बुचाचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड. त्याचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, तो मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्याचा आणि हवा लागून बदललेल्या तेलाचा रंग आहे. म्हणूनच कितीही घासलं तरी तो जात नाही.

बुचाखाली हवा पोचत नाही आणि तेल भरपूर असतं. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. तेलकट त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला त्यांची संख्या दहा लाखांपर्यंत जाते. सगळ्या चेहऱ्यावर हीच दाटी धरली तर ४० कोटी. पण हे जिवाणू नितळ चेहऱ्यावरही सुखाने नांदतात. फरक संख्येपेक्षा त्यांच्या उपप्रकारांत आणि आपलं शरीर त्यांना कसा प्रतिसाद देतं यात असतो. त्यामुळे ४० कोटींना धुऊन काढायची मोहीम निरर्थक आहे, आणि मनाने अँटिबायोटिकच्या गोळ्या घेणं त्याहून वाईट. त्यातून औषधाला दाद न देणारे जिवाणू तेवढे उरतात.

घासण्याचा तोटा किती, तेही आकड्यांत पाहा. निरोगी त्वचेचा पीएच ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट असतो. अंगाला लावायच्या साध्या साबणाचा ९ ते १०. ही मोजपट्टी दहाच्या पटीने चढते. ५ वरून ९ वर जाणं म्हणजे आम्लता दहा हजार पटींनी घटणं. घरोघरी सुचवलं जाणारं लिंबू उलट्या दिशेला आहे. त्याचा पीएच २ च्या जवळपास, म्हणजे त्वचेपेक्षा हजारपट आंबट. दोन्हींनी त्वचा चुरचुरते, लाल होते. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश आणि खूप घाम आल्यावर एकदा, एवढं धुणं पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशोब, वेळेचा. डोळ्यांना न दिसणारा पहिला बूच बसल्यापासून लाल पुटकुळी दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात, कधी दोन महिनेही. आज आरशात दिसलेल्या मुरुमाचं खापर काल रात्रीच्या वडापाववर फोडता येत नाही, ते यासाठीच. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून मलम बदलणं चूक आहे, तेही यासाठीच. उपाय लागू पडतोय की नाही, हे कळायला ८ ते १२ आठवडे लागतात. माझ्या मते निम्मी निराशा केवळ हे न सांगितल्यामुळे येते.

खाण्याचा संबंध नाही असं मात्र नाही. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर संशोधकांनी १,२०० लोकांना तपासलं, त्यांत १५ ते २५ वयाचे ३०० जण होते. मुरूम एकालाही नव्हता. त्यांचा आहार कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ. अर्थात त्यांची आनुवंशिकता आणि राहणीही वेगळी, म्हणून सगळं श्रेय आहाराला देता येत नाही. पण २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर चाचणी झाली. रक्तातली साखर सावकाश वाढवणारा आहार १२ आठवडे घेणाऱ्यांचे मुरूम सरासरी २३.५ ने घटले, इतरांचे १२ ने. अमेरिकेत ४७,३५५ परिचारिकांना शाळकरी वयातला आहार विचारला, तेव्हा साय काढलेलं दूध भरपूर पिणाऱ्यांमध्ये मुरुमांचं प्रमाण ४४ टक्के जास्त निघालं. हा आठवणींवरचा अभ्यास, तेव्हा दूध बंद करायची घाई नको. कोल्ड्रिंक, बिस्किटं, गोड चहा कमी करायला मात्र अभ्यासाची वाट पाहायला नको.

रोजच्या सवयींत एक आपल्या घरातली आहे. डोक्याला चोपून लावलेलं तेल कपाळावर उतरतं आणि केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची ओळ उठते. तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर, आणि कपाळ पुसून. हेल्मेटचा पट्टा, घट्ट मास्क यांच्या घर्षणानेही तेच होतं. हातांचं तर विचारूच नका. सिडनीतल्या २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं, तर ते तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावत होते. सोळा तास जागं राहणाऱ्या माणसाला हाच वेग लावला तर वर्षाला १ लाख ३४ हजार वेळा. त्यांतल्या काही स्पर्शांत नख लागतं, पुटकुळी फुटते, आत पू आणखी खोल जातो आणि खड्डा राहतो. मुरूम जातो, खड्डा जात नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती औषधाच्या दुकानातून न विचारता आणलेल्या ट्यूबची. भारतात १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांना तपासलं, तेव्हा ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडचं मलम लावत असल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. गोरेपणासाठी किंवा डाग जावेत म्हणून लावलेल्या या मलमाने सुरुवातीला चेहरा उजळतो आणि मग मुरूमच उठतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं, तर ती मुरुमांवर लावू नका. आधीपासून लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

साध्या मुरुमांना औषधही थोडंच लागतं. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं २.५ टक्क्यांचं जेल सुजलेल्या मुरुमांवर १० टक्क्यांइतकंच चालतं आणि त्याने होणारी जळजळ कमी असते. फक्त उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे वापरा, कारण रंग उडतो. अडॅपलीन ०.१ टक्के असेल, तर रात्री मटाराच्या दाण्याएवढं, एकेका पुटकुळीवर न लावता सगळ्या चेहऱ्यावर. न दिसणारे बूच कुठे बसलेत हे आपल्याला ठाऊक नसतं. गरोदरपणात अडॅपलीन वापरू नका. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील किंवा मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा. आणि घरात कुणा मुलाने मुरुमांपायी शाळेला जाणं किंवा फोटो काढून घेणं टाळायला सुरुवात केली असेल, तर त्याला उपदेश करू नका, तपासणीची वेळ घ्या.