सेहरीच्या वेळी ऐकू येणारं घोरणं

धायरी फाट्यावरून आत वळलं की रमजानच्या दिवसांत पहाटे चारच्या सुमारास काही घरांचे दिवे लागलेले दिसतात. सिंहगड रस्ता त्या वेळी शांत असतो, नऱ्ह्याच्या बाजूची वर्कशॉपं बंद असतात. घरातली बाई सेहरीच्या म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणाच्या तयारीला लागलेली असते आणि आतल्या खोलीतून घरधन्याचं घोरणं ऐकू येत असतं. घोरण्याची घराला सवय झालेली असते. लक्ष जातं ते घोरणं मध्येच थांबतं तेव्हा. दहा सेकंद, वीस सेकंद काहीच आवाज नाही. मग गुदमरून वर आल्यासारखा एक मोठा श्वास, कूस बदलणं आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

दखनी बोलणाऱ्या घरांत याला खर्राटे म्हणतात, शेजारच्या घरात घोरणं. समज मात्र दोन्हीकडे सारखाच: दिवसभर राबलाय बिचारा, गाढ झोपलाय. प्रत्यक्षात ती गाढ झोप नसतेच. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला की डॉक्टर त्याला ॲप्निया म्हणतात. तासाला पाचपेक्षा कमी वेळा असं झालं तर काळजी नाही. पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तीव्र आजार असलेल्या माणसाचा श्वास सहा तासांच्या झोपेत दीडशेहून अधिक वेळा अडतो आणि सकाळी त्यातलं एकही त्याला आठवत नाही. म्हणून या आजाराची पहिली तक्रार बहुतेक वेळा रोगी करत नाही, शेजारी झोपणारा करतो.

हृदयाचा संबंध इथेच येतो. वाट बंद असली तरी छाती श्वास ओढायचा प्रयत्न करतच राहते. बाटलीचं तोंड दाबून हवा ओढावी तसा आत ताण निर्माण होतो आणि हृदयाचे वरचे कप्पे, शाळेच्या पुस्तकातले अलिंद, ताणले जातात. रक्तातला प्राणवायू उतरतो. ठोके आधी मंदावतात. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होतो, ॲड्रेनॅलिन उसळतं, रक्तदाब चढतो, ठोके धावू लागतात. रात्रभर हे चालतं आणि वर्षानुवर्षं चालतं. ताण सोसून अलिंद मोठे होतात, त्यांच्या भिंतीत चट्टे पडतात आणि ठोक्याची विजेची लहर सरळ वाटेने न जाता भरकटते. अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. हे एट्रिअल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यातलं एएफ.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू, ज्याला मुस्लिम घरांत लकवा म्हणतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या अनेक वर्षांच्या पाहणीत एएफ असलेल्यांना हा धोका सुमारे पाचपट आढळला. अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2004 मध्ये आपल्या हृदयरोग्यांची तपासणी केली. एएफ असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना स्लीप ॲप्निया असण्याची शक्यता दिसली, इतर हृदयरोग्यांत हे प्रमाण साधारण एकतृतीयांश होतं. पुढच्या वर्षी त्यांनीच आणखी एक गोष्ट मांडली. अचानक हृदय बंद पडून होणारे मृत्यू एरवी सकाळी जागं झाल्यावरच्या तासांत जास्त होतात. ॲप्निया असलेल्यांत ते मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत जास्त आढळले.

हा पाश्चात्त्यांचा, फार लठ्ठ माणसांचा आजार असावा, असं एके काळी वाटत असे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तो समज मोडला. नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या, स्वतःला धडधाकट समजणाऱ्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा तो अभ्यास होता. सुमारे चौथा हिस्सा नियमित घोरणारा होता आणि दिवसा पेंग येण्यासह खरा आजार साडेसात टक्क्यांना असावा, असा अंदाज निघाला. आपल्याकडे लहान जबडा आणि पोटावरची चरबी यांमुळे फार वजन नसतानाही हा त्रास होतो. बायकांमध्ये पाळी थांबल्यानंतर तो वाढतो, पण बाई घोरते हे सांगायला घर लाजतं, त्यामुळे त्यांची तपासणी आणखी मागे पडते.

बप्पी लाहिरी 15 फेब्रुवारी 2022 च्या रात्री मुंबईत गेले. जुहूच्या रुग्णालयाने मृत्यूचं कारण ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया असं सांगितलं, तेव्हा अनेक मराठी घरांत हे नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. चार दिवस चर्चा झाली, मग सगळे पुन्हा घोरू लागले.

रमजानमध्ये हा आजार लपतो आणि उघडाही पडतो. लपतो, कारण त्याची सगळी लक्षणं रोज्याच्या खात्यावर जमा होतात. सकाळी डोकं जड? झोप मोडली म्हणून. तोंड कोरडं? रोजा आहे. दुपारी मशीनवर किंवा गाडीच्या चाकामागे डुलकी? तरावीहची नमाज उशिरापर्यंत होती. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं? इफ्तारनंतर पाणी जास्त झालं. यातलं शेवटचं मुद्दाम लक्षात ठेवावं. ताणलेले अलिंद एक संप्रेरक सोडतात आणि ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला लावतं, त्यामुळे ॲप्नियाचा रोगी बाराही महिने रात्री उठतो. ईदनंतर महिनाभरातही ही लक्षणं गेली नाहीत, तर रोज्याला दोष देता येणार नाही.

आणि उघडा पडतो तो पहाटे. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वास अडण्याचे प्रसंगही अनेकदा लांबतात. एरवी त्या वेळी सगळं घर झोपलेलं असतं, ऐकणारं कुणी नसतं. रमजानमध्ये स्वयंपाकघर जागं असतं. (कार्तिकात काकड आरतीला उठणाऱ्या घरांनाही हे लागू आहे.) मोबाइलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवलं, तर डॉक्टरांपुढे लांबलचक वर्णनाची गरज उरत नाही. मनगटावर बोटं ठेवून नाडीही पाहावी. ताल पूर्ण बिघडलेली, एक ठोका लांब तर दुसरा जवळ अशी नाडी लागली तर ईसीजी काढून घ्यावा. मात्र एएफ येतं आणि जातं, त्यामुळे एका ईसीजीत ते सापडेलच असं नाही. अशा वेळी चोवीस तासांचं होल्टर मशीन लावतात. श्वासाचं निदान झोपेच्या चाचणीने होतं, रुग्णालयात रात्र काढून किंवा घरी छोटं यंत्र लावून.

उपचारातलं मुख्य साधन सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ते मांडलं. नाकावरच्या मास्कमधून दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवायची, इतकी साधी कल्पना. त्याने घोरणं थांबतं, दिवसाची पेंग जाते, रक्तदाब थोडा उतरतो. हृदयाबाबत मात्र पुरावा संमिश्र आहे. विजेच्या झटक्याने ताल सुरळीत केलेल्या रोग्यांच्या एका छोट्या अभ्यासात, उपचार न घेणाऱ्या ॲप्नियाच्या 82 टक्के रोग्यांत एएफ वर्षभरात परतलं, मशीन वापरणाऱ्यांत 42 टक्के. पण 2016 च्या मोठ्या सेव्ह चाचणीत मशीनमुळे हृदयविकाराचे झटके किंवा अर्धांगवायू कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यात लोकांनी मशीन सरासरी साडेतीन तासही लावलं नव्हतं, हेही खरं. म्हणून एएफ असेल तर मशीनच्या भरवशावर गोळ्या सोडू नयेत. वजन, दारू आणि झोपेच्या गोळ्या यांकडेही पाहावंच लागतं.

रमजानमध्ये मशीनची गडबड होते ती सेहरीला. मास्क काढला जातो, पोटभर जेवण होतं, फजरची नमाज होते आणि मग नऊपर्यंतची झोप उताणी, मास्कशिवाय. नेमकी तीच झोप सर्वांत वाईट जाते. जेवणानंतर थोडा वेळ बसावं, मास्क पुन्हा लावावा आणि कुशीवर झोपावं. मशीनमध्ये औषध नसतं, खोलीतलीच हवा असते. काही मशीनला वाफेसाठी पाण्याची डबी असते. रोज्यात दिवसा ती वापरावी का, हे आलिमांना विचारून घ्यावं किंवा डॉक्टरांना विचारून त्या झोपेपुरती डबी बाजूला ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी काही दिवसातून दोनदा घ्यायच्या असतात. त्यांच्या वेळा इफ्तार आणि सेहरीला बसतात का, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावं, मनाने डोस गाळू नये. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआननेच दिलेली आहे.

शेवटचे दहा दिवस एतिकाफला, म्हणजे मशिदीतच मुक्काम करून इबादतीला बसणाऱ्यांपैकी कुणी मशीनवर असेल तर ते घरी ठेवून जातो, चारचौघांत नाकाला नळी कशी लावायची म्हणून. मशिदीच्या व्यवस्थापकांनी त्याला भिंतीजवळची, प्लगशेजारची जागा आधीच राखून दिली तर त्याला ते विचारावंही लागणार नाही.